शिक्षक : लोकांच्या नजरेतून



गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी ‘मी कोण होणार?’ हा जुनाच विषय निबंधासाठी दिला होता. वह्या तपासताना डॉक्टर भेटले, अभियंते भेटले, पोलीस आणि क्रिकेटपटू भेटले. दोघांनी तर जहाजावर नोकरी धरून जग पाहण्याचा बेतही आखून ठेवला होता. शिक्षिका होऊ इच्छिणारी मात्र एकच मुलगी निघाली. तिने कारण लिहिले होते, ‘शिक्षकांना दुपारी घरी जाता येते व मे महिन्यात सुट्टी असते.’ अक्षर सुरेख, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. गुण मी चांगलेच दिले; परंतु ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. मुले जे घरी ऐकतात तेच बहुधा वहीत उतरवतात. तेव्हा त्या वाक्याची लेखिका एकटी ती मुलगी नव्हे, हे उघडच आहे.

आमच्या गोव्यातील बहुतेक शाळा सकाळी आठच्या सुमारास भरतात आणि दुपारी दीडच्या आसपास सुटतात. भर दुपारी छत्री घेऊन बसथांब्यावर उभी असलेली शिक्षिका सर्वांना दिसते. तिच्या पिशवीत काय आहे ते कोणास दिसत नाही. ‘अर्ध्या दिवसाची नोकरी’ हा शब्दप्रयोग त्या बसथांब्यावरच जन्मला असावा.

लोक शिक्षकाकडे कोणत्या नजरेने पाहतात आणि ती नजर का बदलत जाते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. मी स्वतः याच पेशातील असल्यामुळे माझे म्हणणे सर्वस्वी निःपक्षपाती असेल असा माझा दावा नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गोव्याच्या खेड्यांत मुलांना अक्षरे शिकवणाऱ्या गृहस्थास ‘शेणैमाम’ म्हणत. देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या सधन घराच्या ओसरीवर त्याची शाळा भरे. मुळाक्षरे, उजळणी, पावकी-निमकी, मोडी वाचन आणि हिशेब एवढे आले की शिक्षण पुरे झाले. मोबदला म्हणून भात, नारळ, सणासुदीस धोतरजोडी आणि कोणाच्या तरी घरचे जेवण. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना नागरी समानता लाभली, आणि त्यानंतर गावोगाव लोकांनी आपल्या हिमतीवर मराठी शाळा काढल्या. त्या शाळांतील मास्तरही बहुशः गावाच्याच ताटावर जेवत. त्यांस मान फार होता असे वडीलधारी मंडळी सांगतात, आणि ते खरेही आहे. परंतु रस्त्यात वाकून नमस्कार करणाऱ्या गावाने त्या मास्तराच्या मुलांच्या दुधाची चौकशी क्वचितच केली. दारिद्र्य हा त्याचा नाइलाज होता. गावाने त्याला त्याचा सद्गुण मानले.

महात्मा जोतीराव फुले यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नव्हती. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगास दिलेल्या निवेदनात त्यांनी शिक्षकाच्या पगाराचा प्रश्न रोखठोक मांडला. शिक्षकास किमान १२ रुपये, मोठ्या गावात १५ ते २० रुपये तरी मिळावेत, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय गावचे हिशेब तपासणे, दस्तऐवजांची नोंदणी, टपालाचे काम, स्टँपविक्री यांसारखी कामे शिक्षकाकडे दिल्यास गावातील त्याचे वजन वाढेल, असेही त्यांनी सुचवले होते. ही दुसरी सूचना आज वाचताना माझ्यासारखीस किंचित हसू येते. का, ते पुढे सांगते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि शाळा वाड्यावाड्यांवर पोहोचली. स्वतः खाणमालक असलेल्या या मुख्यमंत्र्याने सरकारी प्राथमिक शाळांचे जाळे इतक्या झपाट्याने विणले की शिकवण्यास माणसे अपुरी पडली व शेजारच्या महाराष्ट्रातूनही मास्तर येऊ लागले. मास्तर आता गावाच्या ताटावरून उठला आणि सरकारी पगारपत्रकात गेला. हे फार चांगले झाले. मात्र त्याचबरोबर गावाचे आणि त्याचे नातेही पालटले. आता तो ‘आमचा मास्तर’ राहिला नाही. पगारी माणूस झाला.

यापुढचा भाग मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. आमचे पाळी गाव डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यात येते. २००० नंतर चीनमधून लोहखनिजाला मोठी मागणी येऊ लागली आणि आमच्या रस्त्यांवरून मातीने लाल झालेल्या ट्रकांच्या रांगा सकाळपासून धावू लागल्या. मी तेव्हा शाळेत शिकत होते. वर्गातील थोराड मुले दहावीची वाट न पाहताच ट्रकावर जाऊ लागली. आमचे गणिताचे सर त्यांना परत आणण्यासाठी घरोघर जात. एके दिवशी त्यांस रस्त्यातच अडवून एका ट्रकमालकाने हसत हसत म्हटलेले मला आठवते, “मास्तर, तुमचो पगार म्हज्या गाडयेच्या टायरांक पावना.” सरही हसले. आम्ही मुलेही हसलो. त्या हसण्याची लाज वाटण्याइतके वय तेव्हा नव्हते.

मग २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. मध्यंतरी काही काळ चालल्या. पुन्हा २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नूतनीकरण केलेले पट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यास काम थांबले. दारात उभ्या राहिलेल्या ट्रकांच्या चाकांखाली गवत उगवले. बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. एव्हाना मी शिक्षिका झाले होते. त्या दिवसांत एका पालकांनी शाळेच्या दारात मला म्हटले, “टीचर, तुमकां बरें. पयले तारकेक पगार पडटा.” त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, होती ती व्याकुळता. पण पुढे पुढे त्याच वाक्याला धार येऊ लागली. ‘मुलांना पन्नास गुण मिळोत की ऐंशी, यांचा पगार ठरलेलाच’ असे सूर पालकसभेतही उमटू लागले.

आता पाहा. दहाबारा वर्षांच्या आत हाच शिक्षक याच गावात आधी कीव करण्याजोगा ठरला आणि नंतर हेवा करण्याजोगा. या अवधीत त्याच्या कामात काय फरक पडला होता? फळा तोच, खडू तोच, आणि अपूर्णांकांशी झगडणारी मुलेही तीच. बदलली होती ती पाहणाऱ्याची परिस्थिती. माझ्या समजुतीप्रमाणे शिक्षकाविषयीच्या लोकमताचे मर्म येथे आहे. लोक आपल्या संसाराच्या खिडकीतून शिक्षकाचा पगार पाहतात, त्याची सुट्टी पाहतात, वागणे पाहतात. त्याचे काम त्या खिडकीतून दिसतच नाही.

तेव्हा आधी कामाविषयी दोन गोष्टी सांगते. वर उल्लेखिलेला निबंधच घ्या. मी तीन वर्गांना मराठी शिकवते. एका वर्गात सरासरी ३८ मुले धरली तर ११४ वह्या झाल्या. एका वहीस पाच मिनिटे दिली (पाच मिनिटांत निबंध नीट वाचून चुका दाखवणे हे अवघडच आहे), तरी ५७० मिनिटे, म्हणजे साडेनऊ तास होतात. हा झाला एक निबंध. व्याकरणाच्या वह्या, चाचण्या, सहामाही आणि पाठाची तयारी वेगळी. पहिली ते आठवीसाठी असलेल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे काम तयारीचे तास धरून किमान ४५ तासांचे ठरवले आहे. दुपारी दीडला संपणारी शाळा आठवड्याचे सहाही दिवस भरली तरी तेहेतीस तासांवर जात नाही. उरलेले तास कोठे असतात, याचे उत्तर त्या पिशवीत आहे.

सुट्टीची गोष्ट तर अधिकच मौजेची. याच कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकास शिक्षणाबाहेरच्या कामास जुंपण्याची मनाई केली आहे, अपवाद तीन. दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक. त्यापूर्वी २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की मतदारयादीची व निवडणुकीची कामे शिक्षकांकडून सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी करून घ्यावीत. वर्गाचा दिवस वाचावा हा त्यामागचा हेतू अतिशय रास्त होता. परंतु त्याचा अर्थ असाही झाला की ज्या सुट्टीबद्दल लोक हेवा करतात, त्याच सुट्टीत शिक्षक मतदारयादी काखोटीस मारून दारोदार फिरत असतो. फुल्यांच्या सूचनेवर मला हसू का आले, ते आता ध्यानी येईल. त्यांना वाटले, गावाची कामे सोपवल्याने शिक्षकाचे वजन वाढेल. कामे तर आली. वजन काही वाढले नाही! त्यात २०२५ साली गोव्यात सहावीपासूनच्या बहुतेक वर्गांचे शैक्षणिक वर्ष जूनऐवजी एप्रिलमध्येच सुरू झाले.

शिक्षिकेच्या वाट्याला याहून थोडे अधिक येते. ‘बायकांना बरी नोकरी, घर सांभाळून करता येते’ हे वाक्य मी नोकरी लागली त्या आठवड्यात किमान सात जणांकडून ऐकले. त्याचा उलगडा असा की दुपारी दीडनंतर एक नोकरी संपते व दुसरी सुरू होते, आणि वह्या रात्री दहानंतर उघडतात. शिवाय तिच्या साडीपासून बोलण्यापर्यंत सारे काही गावाच्या परीक्षेस बसलेले असते. १८४८ साली पुण्यात शिकवू लागलेल्या सावित्रीबाईंवर शेण आणि दगड फेकले गेले, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ च्या नाटकातील लीला बेणारे हीही शिक्षिकाच. गंमत म्हणून मांडलेला खटला पाहता पाहता तिच्या खासगी आयुष्यावर येऊन बसतो. शिक्षिकेला पिंजऱ्यात उभी करण्याची समाजाला इतकी सवय आहे की खेळातही तीच आठवते.

शिक्षकाविषयी आपण जे शब्द वापरतो तेही पाहण्याजोगे आहेत. चांगल्या शिक्षकास आपण ‘हाडाचा शिक्षक’ म्हणतो. हाडाचा कारकून कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. त्याच्या कामास ‘विद्यादान’ म्हणतो. शब्द सुंदर आहे. परंतु दान करणाऱ्याने पैसे मागू नयेत, थकू नये, कुरकुर करू नये, असेही त्यात नकळत येते. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत १९२४ पासून सहा वर्षेच शिक्षक होते. पण महाराष्ट्राच्या मनात गुरुजी म्हटले की तेच उभे राहतात. पु. ल. देशपांड्यांचे चितळे मास्तरही असेच, मुलांसाठी झिजणारे. या दोघांवर माझेही प्रेम आहे. मात्र ५ सप्टेंबरला फूल देताना आपण समोरच्या शिक्षकात त्यांस पाहतो आणि ६ सप्टेंबरला त्यांच्याशी तुलना करून त्याला नापास करतो, हे बरे नव्हे. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनेस्को यांनी शिक्षकांच्या दर्जाविषयी एक शिफारसपत्र स्वीकारले. त्यात ‘दर्जा’ या शब्दाची व्याख्याच दुहेरी आहे. समाजाकडून मिळणारा मान हा त्याचा एक भाग, आणि कामाची परिस्थिती व वेतन हा दुसरा. आपण मात्र आजवर यांतला एक देताना दुसरा काढून घेत आलो.

आता आमच्या बाजूचेही थोडे. सगळेच शिक्षक पिशवी भरून वह्या घरी नेत नाहीत. वर्षानुवर्षे त्याच पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून शिकवणारे आमच्यात आहेत. कायद्याने मनाई असताना खासगी शिकवण्या घेणारेही आहेत, आणि मुलाचा अपमान हेच शिस्तीचे साधन समजणारेही आहेत. लोकांच्या मनात एक कटू आठवण असली की दहा चांगल्या आठवणी झाकोळतात, आणि ती कटू आठवण बहुधा खोटी नसते. पूर्वी बाप शाळेत येऊन ‘मारा, पण शिकवा’ म्हणे. आज कायद्याने मार बंद आहे, तो योग्यच बंद आहे; पण मारावाचून शिस्त कशी लावावी हे आम्हांला कोणी फारसे शिकवले नाही. त्यामुळे एका पालकास आम्ही फार मऊ वाटतो आणि दुसऱ्यास आवाज चढवला तरी कठोर.

एकदाच असे झाले की लोकांस आमचे काम घरबसल्या दिसले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर आला. डोंगराळ गावांतील मुले नेटवर्कसाठी टेकडीवर जाऊन बसत. एका मुलीचे आजोबा रोज तिच्या मागे बसून माझा तास ऐकत, आणि एकदा मी ‘अग्रशाळा’ या शब्दाची फोड करू लागले तेव्हा त्यांनी मध्येच तोंड घालून मला दुरुस्त केले. त्यांचे बरोबर होते. शाळा पुन्हा उघडल्यावर ते एकदा काठी टेकीत आले व म्हणाले, ‘एवढ्या पोरांना एकाच वेळी कसे सांभाळता, हे काही मला त्या फोनमध्ये समजले नाही.’ मी त्यांना वर्गात मागच्या बाकावर बसवले. दोन तास बसले. जाताना काही बोलले नाहीत. मुलांच्या गोंगाटाने त्यांचे डोके दुखत असावे.

निबंध लिहिणारी ती मुलगी आता दहावीत आहे. यंदा वर्गाच्या वह्या गोळा करून शिक्षककक्षात आणून ठेवण्याचे काम तिच्याकडे आहे. परवा तिने गठ्ठा टेबलावर ठेवला, हात झटकले आणि शेजारचे दोन गठ्ठे पाहून विचारले, “टीचर, हे पण तुमचेच?” मी हो म्हटले. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग घंटा झाली आणि पळाली.