शार्क नव्हे, सर्दी सांभाळा

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा मित्रांबरोबर अंदमानला, पूर्वी ज्याला हॅवलॉक म्हणत त्या स्वराज द्वीपावर चालला आहे. तिथे तो स्कूबा डायव्हिंग करणार, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या पोटात फिरणार. त्यासाठी एका छापील अर्जावर डॉक्टरची सही हवी होती. वडिलांना काळजी एकच. "डॉक्टर, तिथे शार्क असतात म्हणे!"

असतात. मीही पाहिले आहेत. काही वर्षांपूर्वी मुलगी आणि जावयाच्या आग्रहाने मालदीवला गेलो होतो. कोमट, काचेसारखे स्वच्छ पाणी. प्रवाळाच्या कडेने तीन-चार शार्क गेले. आपल्या बाजारात मुशी किंवा मोरी म्हणून मिळते त्याच जातकुळीतले. पाठीवरच्या पंखाचे टोक शाईत बुडवल्यासारखे काळे, लांबी पाच फुटांच्या आत. आमचे बुडबुडे ऐकून त्यांनीच वाट बदलली. २०२४ साली सगळ्या जगात मिळून शार्कने विनाकारण चावा घेतल्याच्या ४७ घटना नोंदल्या गेल्या. त्यांत चार जण दगावले. बहुतेक घटना पोहणाऱ्यांच्या किंवा लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांच्या. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा अंदाज आहे. तरी आपण बांधावरून अनवाणी चालतोच!

मला त्रास झाला तो शार्कचा नव्हे, माझ्याच नाकाचा. तिथेही असाच अर्ज होता. रक्तदाबाची गोळी घेता का? मी प्रामाणिकपणे 'होय' लिहिले आणि म्हणालो, मी डॉक्टरच आहे, मीच सही करतो. प्रशिक्षक मुलगी माझ्या लेकीहून लहान. तिने हसून मान हलवली. दुसऱ्या डॉक्टरने तपासले, मगच परवानगी मिळाली. ते योग्यच होते. पाण्यात उतरले की पायांतले रक्त छातीकडे सरकते, हृदयावर भार पडतो. पन्नाशीपुढच्या पाणबुड्यांच्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा मोठा आहे.

पण पुढचा प्रश्न सर्दीचा होता. दोन दिवस नाक चोंदलेले होते. पैसे भरलेले, जावई शेजारी उभा. मी 'नाही' लिहिले आणि खोलीवर जाऊन नाकात थेंब टाकले. जे रुग्णाने केले असते तर मी रागावलो असतो, तेच मी केले.

दहा मीटर खाली पाण्याचा दाब धरून एकूण दाब दुप्पट होतो आणि हवेचे आकारमान निम्मे. कान आणि कपाळाच्या हाडातल्या पोकळ्यांत हवा असते. नाक मोकळे असेल तर नाक दाबून हलकेच फुंकले की दाब सारखा होतो. तेही दुखण्याआधी, दर दोन-तीन फुटांवर करायचे. थेंबांमुळे मी खाली गेलो झकास. अर्ध्या तासाने थेंबांचा असर ओसरला आणि वर येताना कपाळात खिळा ठोकल्यासारखी कळ आली. खाली जाताना दुखले तर वर परतता येते. वर येताना दुखले तर खालीच राहता येत नाही, टाकीतली हवा संपत असते. हळूहळू वर आलो तेव्हा मुखवट्यात रक्त होते. सायनस बरे व्हायला तीन आठवडे लागले.

दुसरी गोष्ट नायट्रोजनची. दाबाखाली हा वायू रक्तात आणि मांसात विरघळतो. घाईने वर आले की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे सुटतात. सांधे ठणकतात, अंगाला मुंग्या येतात, पाय लुळे पडतात, लघवी अडते. हे काही तासांनीही होऊ शकते. अशा वेळी मालिश आणि वेदनाशामक गोळ्यांत वेळ घालवू नये. शुद्ध प्राणवायू चालू करून, दाबकक्ष असलेल्या रुग्णालयाशी लगेच संपर्क साधावा. विमानातही दाब कमी असतो, म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास आणि रोज बुड्या मारल्या असतील तर १८ तास विमान टाळतात. मी पूर्ण दिवस थांबा म्हणतो. मालवण-तारकर्लीला दोन-तीन दिवस बुड्या मारून लगेच आंबोली घाट चढणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

दंशाबद्दल एवढेच, की पाकटाचा काटा किंवा विषारी माशाचा काटा लागला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवावा. पाण्याचा अंदाज आधी धडधाकट हाताने घ्यावा, कारण दुखऱ्या भागाला चटका कळत नाही. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर उपटू नये, तसेच रुग्णालयात न्यावे.

तर तो मुलगा. अर्जावर दम्याचा प्रश्न आला तेव्हा वडील मध्येच म्हणाले, "लहानपणी होता. आता थंडीत कधीतरी पंप घेतो. पण ते लिहू नका, नाहीतर उतरू देणार नाहीत." मी पेन खाली ठेवले. दम्यात बारीक श्वासनळ्या आवळतात आणि फुप्फुसात हवा अडकते. दहा मीटरवरून वर येताना ती दुपटीने फुगते. फुप्फुस फाटले तर हवेचा बुडबुडा थेट मेंदूत जाऊ शकतो. श्वास रोखून वर आल्यास धडधाकट माणसाचेही तेच होते, म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही हा तिथला पहिला नियम.

मी सही केली नाही. छातीच्या तज्ज्ञांना चिठ्ठी लिहून दिली, नळीत फुंकून करतात ती फुप्फुसांची तपासणी करून घ्या म्हणून. वडील नाराज झाले. "दुसरीकडे मिळेल सही," म्हणाले. मिळेलही. मुलगा मात्र दाराशी थांबला आणि त्याने विचारले, "काका, खाली गेल्यावर पंप घेता येतो का?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने वडिलांच्या हातातून चिठ्ठी घेतली. बुधवारी तपासणी आहे.