मुका मार

रक्त आले नाही म्हणजे लागले नाही, असा आपल्याकडचा हिशेब आहे. आमच्या आर्णी तालुक्यातल्या कबड्डीच्या सामन्यांत मी तो अनेकदा पाहिला आहे. पकडीत कुणाचा गुडघा कुणाच्या कानशिलावर बसतो, पोरगा भोवंडतो, तोंडावर पाणी मारले जाते आणि टाळ्यांच्या गजरात तो पुन्हा चढाईला जातो. डॉक्टर ज्याला कन्कशन म्हणतात, तो हा मेंदूचा मुका मार.

मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. डोक्याला जोराचा हिसका बसला की तो आत हेलकावतो आणि त्यातले नाजूक तंतू ताणले जातात. हाड मोडत नाही, म्हणून सीटी स्कॅनमध्ये बहुधा काही दिसत नाही. डोकेदुखी, विसर, चिडचिड, उजेड न सोसणे ही लक्षणे मात्र खरी असतात. बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो. त्याआधीच दुसरा मार बसला, तर दुखणे लांबते; कोवळ्या वयात क्वचित मेंदूला सूज येऊन जीवही जातो.

दिसणाऱ्या जखमेला माणसे धावून येतात. १९६२ साली बार्बाडोसला ग्रिफिथच्या चेंडूने कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली, तेव्हा बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर यांच्यासह प्रतिस्पर्धी कर्णधार वॉरेलनेही रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढे प्रथम श्रेणीचे सामनेही खेळले. कसोटी मात्र पुन्हा खेळले नाहीत.

न दिसणारा मार वर्षांनंतर वसूल होतो. मुष्टियोद्ध्यांचे अडखळते पाय आणि बोबडी वळलेली जीभ यांची नोंद डॉ. मार्टलंड यांनी १९२८ मध्येच केली होती. बर्फावरच्या हॉकीत ती जाणीव फार उशिरा आली. २००९ मध्ये वारलेल्या रेजी फ्लेमिंगच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाचे विकृत साठे सापडले. या आजाराला सीटीई म्हणतात. २०११ मध्ये अवघ्या २८व्या वर्षी गेलेल्या डेरेक बुगार्डच्या मेंदूतही तेच निघाले. एखाद्या आघाताने हा आजार जडतो असे नाही. वर्षानुवर्षे साचत जाणारे लहानमोठे धक्के त्याच्या मुळाशी असतात. आणि त्याचे पक्के निदान आजही मृत्यूनंतरच होते.

क्रिकेटने २०१९ मध्ये डोक्याला मार बसलेल्याच्या जागी पूर्णवेळ बदली खेळाडू देण्याचा नियम केला. पुढच्याच वर्षी कॅनबेरात जडेजाऐवजी चहल आला आणि त्याने तीन बळी घेतले. वाद रंगला तो भारताला फायदा मिळाल्याचा. जडेजाचे डोके बाजूलाच राहिले.

आमच्या पोरांचे दुखणे इथेच आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. त्या आशेवर शेतकऱ्याचा मुलगा मातीत घाम गाळतो. 'चक्कर येते' म्हटले तर संघातली जागा जाईल, म्हणून तो गप्प बसतो. हा मार दोन्ही अर्थांनी मुका आहे. त्यावरच्या पहिल्या उपायाला यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही. शंका आली की त्या दिवशी तो खेळणार नाही, एवढे पंचाने ठरवायचे आणि बाहेर बसलेल्याची जागा संघाने राखायची.