रण, किनारा आणि सागरतळ : कच्छ-सौराष्ट्राची मोटारयात्रा

वाळवंट, सागरकिनाऱ्यावरील वन्यजीव आणि समुद्राच्या पोटातील प्रवाळसृष्टी ही तिन्ही दर्शने एकाच प्रवासात घडावीत, अशी इच्छा कोणी व्यक्त केली की सहलींचे आयोजक तत्काळ इजिप्त किंवा पश्चिम ऑस्ट्रेलिया यांची नावे पुढे करतात. वास्तविक, आपल्या शेजारच्या गुजरात राज्यातच हा त्रिवेणी योग जुळून येतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता, कन्या आणि जावई असे चौघे अहमदाबादहून मोटारीने निघालो आणि नऊ दिवसांत छोटे रण, मोठे रण, कच्छचे आखात आणि सौराष्ट्राचा किनारा पाहून वेरावळला पोहोचलो. या वाटेवर जे पाहिले त्याहूनही अधिक विचार करायला लावले ते एका गोष्टीने. तेथे जे जे जिवंत राहिले आहे, त्यासाठी कोणीतरी आपला लाभ सोडला आहे किंवा हानी सोसली आहे.

घुडखरांचे छोटे रण

अहमदाबादहून सुमारे शंभर किलोमीटरवर बजाणा हे गाव आहे. तेथून वन खात्याचा परवाना घेऊन जीपने छोट्या रणात जाता येते. हे वाळूचे वाळवंट नव्हे. एके काळी येथे अरबी समुद्राचा फाटा होता; तो गाळाने भरत गेला. पावसाळ्यात आजही येथे पाणी पसरते आणि त्यात कोळंबी सापडते. हिवाळ्यात मात्र दृष्टी पोहोचेल तेथवर तडे गेलेली खारी जमीन असते. मधल्या उंचवट्यांना स्थानिक लोक अद्यापि ‘बेट’ म्हणतात. समुद्र गेला, पण भाषेने त्याची आठवण जपली.

या बेटांवरील गवतावर घुडखर, म्हणजे भारतीय रानगाढव, जगते. बदामी पाठ, पांढरे पोट आणि मानेपासून शेपटीपर्यंत गडद पट्टा असलेला हा देखणा प्राणी ‘गाढव’ या शब्दाला आपण चिकटवलेला सारा उपहास क्षणात पुसून टाकतो. रोगराईमुळे १९६० च्या दशकाअखेरीस त्यांची संख्या चारशेच्याही खाली गेली होती. पुढे सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. २०२४ च्या गणनेत ही संख्या ७,६७२ भरली. आकडा आनंददायक आहे खरा. परंतु वाढलेले कळप रात्री भोवतालच्या शेतांत उतरतात आणि त्या वाढीचा भार तेथील शेतकऱ्याच्या पिकावर पडतो.

याच रणात आगरिया कुटुंबे मीठ पिकवतात. पावसाळा सरला की ती बिऱ्हाडासह येथे येतात, जमिनीखालील खारे पाणी उपसतात आणि उन्हाळ्यापर्यंत मिठाचे वाफे सांभाळतात. हे रण महसुली मोजणीत आलेलेच नव्हते. म्हणून त्याला ‘सर्व्हे नंबर शून्य’ असे म्हटले गेले. ज्या जमिनीचा उतारा नाही, ती तारण ठेवता येत नाही. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हंगामापूर्वी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि त्यालाच मीठ घालायचे, हेच चक्र पिढ्यान् पिढ्या चालले. अलीकडे डिझेल पंपांच्या जागी सौर पंप आल्यामुळे आगरियांच्या खर्चातील एक मोठी रक्कम कमी झाली आहे.

मोठे रण आणि धोलावीरा

दुसऱ्या दिवशी सांतलपूर-रापर मार्गे आम्ही खडीर बेटावरील धोलावीरा गाठले. हडप्पा संस्कृतीच्या या नगराला २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथील खडकात कोरलेले भव्य जलाशय पाहताना मन थक्क होते. दोन पावसाळी ओढ्यांचे पाणी बांध घालून वळवायचे, ते एका टाक्यातून दुसऱ्यात न्यायचे आणि वर्षभर पुरवायचे, ही व्यवस्था साडेचार हजार वर्षांपूर्वी या रुक्ष बेटावर उभी राहिली होती.

धोलावीऱ्याहून खावड्याकडे जाणारा रस्ता सुमारे तीस किलोमीटर थेट मोठ्या रणातून जातो. दोन्ही अंगांना पांढरेशुभ्र मीठ, मध्ये काळी सरळ रेघ आणि वर निरभ्र आकाश. रणाच्या आतल्या दुर्गम भागात पावसाळा चांगला झाल्यास हजारो रोहित पक्षी चिखलाची घरटी रचून वीण घालतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. सलीम अली १९४५ मध्ये तेथवर गेले होते. तेथे पर्यटकांना मज्जाव असणेच इष्ट. रस्त्याकडेच्या उथळ पाण्यात रोहित दिसले, तेवढ्यावर आम्ही समाधान मानले.

भुजहून मुंद्रामार्गे निघाल्यास वाटेत भद्रेश्वर तीर्थ लागते. २००१ च्या भूकंपात येथील मंदिर कोसळले आणि पुन्हा उभारले गेले. तेराव्या शतकातील भीषण दुष्काळात आपली धान्याची कोठारे लोकांसाठी खुली करणारे जगडूशा याच गावचे. व्यापाऱ्याचे नाव साडेसातशे वर्षे टिकले ते त्याने काय मिळवले यामुळे नव्हे, तर काय सोडले यामुळे, हे येथे प्रकर्षाने जाणवते.

ओहोटीचे संग्रहालय

सुरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ संपून सौराष्ट्र लागते. जामनगरजवळच्या खिजडिया अभयारण्यात नवानगर संस्थानच्या काळात बांधलेला एक बंधारा आहे. शेतजमिनीत समुद्राचे खारे पाणी शिरू नये, एवढाच त्याचा हेतू होता. पण त्यामुळे एका बाजूस गोडे आणि दुसऱ्या बाजूस खारे पाणी साचून दोन्ही प्रकारच्या पक्ष्यांना हक्काचे ठिकाण मिळाले. करकोचे, पाणकावळे, चमचे आणि क्रौंच एकाच बांधावरून पाहता येतात.

तेथून द्वारकेच्या रस्त्याला सुमारे साठ किलोमीटरवर नरारा आहे. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये घोषित झाले. ते भारतातील पहिले. ओहोटीत येथील पाणी दूरवर मागे सरते आणि प्रवाळाचा खडक उघडा पडतो. घोट्याभर पाण्यातून मार्गदर्शकाच्या मागोमाग चालत समुद्रफुले, तारामासे, समुद्रकाकड्या, खेकडे आणि दैव अनुकूल असल्यास रंग पालटणारा ऑक्टोपस पाहता येतो. मार्गदर्शकाचा पहिला आणि शेवटचा नियम एकच : पाऊल वाळूवर ठेवा, खडकावर नको. आपल्याला जो दगड वाटतो, तो असंख्य सूक्ष्म जीवांचा वसलेला गाव असतो. एकेकाळी याच आखातातून सिमेंटसाठी प्रवाळवाळू उपसली जाई. ते थांबले, आणि ओख्याजवळच्या मिठापूर येथे जानेवारी २०२० मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने पाण्याखालील लोखंडी सांगाड्यातून सौम्य विद्युत्प्रवाह सोडून, त्यावर जमणाऱ्या क्षारांच्या थरावर प्रवाळ वाढवण्याचा प्रयोग हाती घेतला. एके काळी जे फावड्याने उपसले, ते आता चिमट्याने लावावे लागत आहे.

द्वारकेच्या अलीकडे ओखामढी येथे वन खात्याचे कासव-अंडी उबवण केंद्र आहे. हिरवी कासवे आणि ऑलिव्ह रिडले या किनाऱ्यावर अंडी घालतात. कोल्ह्या-कुत्र्यांपासून रक्षणासाठी ती कुंपणात हलवून पिल्ले समुद्रात सोडली जातात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचा कासव महोत्सव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे काम लगेच ओळखीचे वाटेल.

पाण्याखालील पंचवीस मिनिटे

आखाताचे पाणी गढूळ; द्वारकेजवळचा शिवराजपूर किनारा मात्र खुल्या अरबी समुद्राकडे तोंड करून आहे. २०२० मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. आपल्याकडे तारकर्ली-मालवणला होते तसे नवख्यांसाठीचे स्कूबा डायव्हिंग येथेही होते. पोहता येणे आवश्यक नसते; मात्र हृदयविकार, दमा अथवा कानाचा विकार असलेल्यांनी यात पडू नये. साठी ओलांडल्यामुळे मी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचे पत्र घेतले होते.

आधी उथळ पाण्यात सराव होतो. श्वास फक्त तोंडाने, संथपणे घ्यायचा. तो कधीही रोखून धरायचा नाही. खाली जाताना दाबामुळे कान दुखू लागताच नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडायची. बोलणे अशक्य, म्हणून खुणा शिकाव्या लागतात. “बाबा, तिथे अंगठा वर केलात तर ‘छान’ म्हणून नाही, ‘मला वर न्या’ म्हणून समजतील हं!” कन्येने बजावले. पाच-सहा मीटर खोलीवर प्रथम काही क्षण केवळ स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो. मग डोळे स्थिरावतात. प्रवाळाच्या कपारीतून पट्टेदार मासे ये-जा करत असतात आणि त्यांना आपली दखल घेण्याचे काहीच कारण नसते. काही मागू नये, कशाला स्पर्श करू नये, केवळ साक्षी राहावे. ती पंचवीस मिनिटे अशी गेली.

वेरावळची लाडकी लेक

पोरबंदरमार्गे किनाऱ्याकिनाऱ्याने वेरावळला आलो. येथील बंदराची कथा सर्वांत बोलकी आहे. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. तो बारा मीटरहूनही अधिक वाढू शकतो, पण खातो सूक्ष्म जीव आणि लहान मासे. त्याच्या यकृतातील तेल लाकडी होड्यांना चोपडण्यासाठी आणि मांस निर्यातीसाठी वापरले जाई. माईक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने ही हत्या जगापुढे आणली आणि २००१ मध्ये या माशाला वन्यजीव कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळाले.

कायदा झाला, तरी जाळ्यात अडकलेला मासा सोडायचा कोणी? २००४ मध्ये मोहीम सुरू झाली आणि मोरारीबापूंनी कोळीबांधवांना समजावले की ही ‘व्हाली’, म्हणजे लाडकी लेक, बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. त्यानंतर आठशेहून अधिक व्हेल शार्क कोळ्यांनी आपली जाळी कापून सोडून दिले आहेत. या भावनेला वन खात्याने व्यवहाराची जोड दिली. कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळते. आणि अधिकारी येईपर्यंत मासा अडकून राहू नये, म्हणून कोळ्यांना जलरोधक कॅमेरे देण्यात आले. त्यांनी काढलेले छायाचित्र हाच दाव्याचा पुरावा. अनेक कर्ज व अनुदान योजना कागदपत्रांच्या जंजाळात विरताना मी पाहिल्या आहेत. ही योजना टिकली, कारण तिने गरिबाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि दयेचा खर्च एकट्या दयाळूवर टाकला नाही. रणाकाठच्या शेतकऱ्याला आणि आगरियालाही हाच न्याय हवा.

नियोजनासाठी थोडेसे

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तेव्हा रणातील मीठ पूर्ण वाळलेले असते. नराऱ्याचा दिवस ओहोटीची वेळ पाहूनच ठरवावा. ओळखपत्राच्या प्रती जवळ असाव्यात. शाकाहारी भोजन सर्वत्र मिळते. मात्र सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी रणातील दोन दिवसांसाठी खाखरे-थेपले सोबत ठेवावेत, कारण तेथे अंतरे मोठी आणि खानावळी विरळ आहेत. डायव्हिंगनंतर किमान अठरा तास विमानप्रवास टाळावा. आणि किनाऱ्यावरून प्रवाळाचा लहानसा तुकडाही आठवण म्हणून उचलू नये. तो कायद्याने गुन्हा आहे. घरी आणायला छायाचित्रे पुरेशी आहेत.