हुतुतूच्या गावात पायी चालण्याची गोष्ट

१९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक भरले, तेव्हा आपल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तेथे कबड्डीची, आपल्या वऱ्हाडी हुतुतूची, प्रात्यक्षिके करून दाखविली. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये या मंडळाची स्थापना केली होती. अशा गावात राहून आम्ही मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरवर जात होतो. पन्नाशीनंतर रक्तातील साखर वाढली आणि डॉक्टरांनी कानउघाडणी केली, तेव्हा आम्ही चालू लागलो. म्हणून पुढील मजकूर उपदेश न समजता सहप्रवाशाचे बोलणे समजावे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. आपल्यापैकी क्वचितच एखादे घर यातून सुटले असेल. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर खेचून घेतात. त्यासाठी त्यांना एरवीइतके इन्सुलिन लागत नाही. हा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये. नियमित व्यायामाने रक्तदाब उतरतो, झोप सुधारते, मनाची उदासीनताही कमी होते. वजन मात्र हळूहळूच घटते, आणि नेमके तेथेच अनेकांचा धीर सुटतो. काटा हलला नाही तरी बाकीचे लाभ मिळतच असतात.

किती व्यायाम करावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरे. सुरुवातीला दहाच मिनिटे चालावे. दर आठवड्याला थोडी भर घालावी. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, हा त्यातला सर्वांत स्वस्त प्रकार!

“आम्ही शेतात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?” असे खेड्यांतील बंधू विचारतात. प्रश्न रास्त आहे. श्रमाचे काम व्यायामातच मोजले जाते. परंतु कापूस वेचणाऱ्या भगिनींची पाठ दिवसभर वाकलेली असते. त्यांना अधिक चालण्यापेक्षा पाठ ताणून मोकळी करण्याची आणि विश्रांतीची गरज आहे. हंगाम संपल्यावर जे महिनोन्महिने बसून असतात, त्यांनी मात्र चालावे.

आपल्याकडील ऊन ही खरी अडचण. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत सूर्योदयापूर्वीच बाहेर पडावे, निघण्याआधी पाणी प्यावे. नाही जमले तर घरातच फेऱ्या माराव्यात. अमरावतीकरांना वडाळी तलावाचा परिसर आहे; अकोलेकरांना आपापल्या भागातील मैदान शोधावे लागेल.

मधुमेहींनी अनवाणी चालू नये, आणि परतल्यावर तळवे तपासावेत, कारण बधिर पायाला जखम कळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत. हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. चालताना छातीत दुखले, दरदरून घाम फुटला किंवा भोवळ आली, तर तेथेच थांबून तत्काळ दवाखाना गाठावा; “गॅस झाला असेल” म्हणून घरी येऊन पडून राहू नये.

आम्ही पहाटे साडेपाचला निघतो. सोबतीला कोणी असले की टाळाटाळ होत नाही, एवढे अनुभवाने कळले आहे.