उणे २४६ अंशांवरची फिरकी

टर्बियम मँगनाइट हा टर्बियम, मँगनीज आणि ऑक्सिजन यांचा काळा स्फटिक. त्यातल्या प्रत्येक मँगनीज अणूला स्वतःचं चिमुकलं चुंबकत्व असतं. पण खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या धांदलीत कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो. ४१ केल्व्हिनला, म्हणजे उणे २३२ अंश सेल्सिअसला, शिस्त लागते. सगळे अणुचुंबक एकाच रेषेत येतात, मात्र त्यांची ताकद लाटेसारखी कमी-जास्त होत जाते. २७ केल्व्हिनच्या आसपास, उणे २४६ अंशांवर, रचना पुन्हा पालटते. आता प्रत्येक चुंबकाची दिशा शेजाऱ्यापेक्षा थोडी वळलेली असते. पुढे जाणाऱ्या सायकलच्या चाकातली एकच आरी क्षणाक्षणाला टिपावी, तशी.

या वळणाचा परिणाम चुंबकत्वापुरता थांबत नाही. त्सुयोशी किमुरा, योशिनोरी तोकुरा आणि त्यांच्या जपानमधील सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं, की याच तापमानाला स्फटिकात विद्युत ध्रुवीकरणही उमटतं: एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण. स्फटिकाला सुमारे ५ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र योग्य दिशेने लावलं, तर ध्रुवीकरण ९० अंशांत वळतं. साध्या लाटेला डावं-उजवं नसतं; फिरत्या रचनेला असतं. स्फटिकाची ही डावी-उजवी सममिती मोडली, की अणूंमधले धन-ऋण भार किंचित सरकतात आणि ध्रुवीकरण जन्माला येतं.

मुळात चुंबक असे वळतात कशामुळे? इथे टर्बियमसारख्या रेअर अर्थ अणूचा आकार निर्णायक ठरतो. लँथॅनम मोठा, त्याच्या मँगनाइटमध्ये मँगनीज-ऑक्सिजन-मँगनीज हा कोन सुमारे १५५ अंशांचा असतो. तिथे एका थरातले सगळे चुंबक एका दिशेला, तर पुढच्या थरातले बरोबर उलट, अशी सरळ मांडणी होते. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिजच्या वोलन आणि कोलर यांनी ती उलगडली. टर्बियम लहान असल्याने हा कोन १४५ अंशांपर्यंत वाकतो. मग जवळच्या शेजाऱ्याचं ऐकावं की पलीकडच्या, अशी ओढाताण सुरू होते आणि तडजोड म्हणून चुंबक वळत जातात. होल्मियमपासून पुढच्या आणखी लहान अणूंचे मँगनाइट सहसा वेगळीच षट्कोनी रचना धरतात. त्यात तीन शेजारी चुंबक एकमेकांशी १२० अंशांचा कोन करून बसतात.

हे सगळं दिसतं न्यूट्रॉनमुळे. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, पण चुंबकत्व असतं. त्यामुळे तो अणूंच्या जागांबरोबर त्यांच्या चुंबकांची दिशाही सांगतो. नमुन्याची पूड व्हॅनेडियमच्या नळकांडीत भरतात, कारण या धातूमुळे विखुरलेल्या न्यूट्रॉनच्या आलेखावर जवळजवळ शिखरं उमटत नाहीत. नळकांडी थंड करत नेली, की एरवी सपाट असलेल्या भागात नवी शिखरं डोकं वर काढतात. चुंबकांच्या रचनेचा ठसा तोच. मुंबईत तुर्भ्याच्या १९८५ पासूनच्या ध्रुव अणुभट्टीतही न्यूट्रॉनच्या साह्याने असे अभ्यास होतात.

उणे २४६ अंशांवर चालणारं उपकरण कुणाच्या खिशात येणार नाही, हे खरं. शिवाय ध्रुवीकरणही क्षीण: ध्रुवीकरणासाठी परिचित असलेल्या बेरियम टायटनेटच्या काहीशे पटींनी कमी. पण ‘वळणारे चुंबक शोधा, ध्रुवीकरण मिळू शकेल’ हा धडा इतर पदार्थांनाही लागू पडला. किमुरा यांच्याच गटाला २००८ मध्ये साध्या कॉपर ऑक्साइडमध्ये तोच परिणाम २३० केल्व्हिनला, म्हणजे उणे ४३ अंशांना सापडला.