वेळ बदलली, पण जेवणाचं काय?

रविवारी रात्री पावणेदहाची वेळ. मावशीकडे पिठलं-भात खाऊन आम्ही सगळे हॉलमध्ये पसरलो होतो, तेवढ्यात ताईचा फोन वाजला. विमान कंपनीचा मेसेज. पुणे-दिल्ली, सकाळी ७.१० ऐवजी ११.२५. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, वगैरे. मावशी म्हणाली, 'बरं झालं बाई, तेवढीच झोप मिळेल.' मीही तेच म्हणणार होते. ताई मात्र उठली, सरळ फ्रीजकडे गेली आणि इन्सुलिनची पेनं मोजायला लागली.

माझी ही मावसबहीण ३१ वर्षांची आहे. कन्सल्टिंगमध्ये आहे, क्लायंट गुरुग्रामला. त्यामुळे सोमवारी पहाटे लोहगाव आणि गुरुवारी रात्री परत, असं तिचं तीन वर्षं चाललंय. ऑफिसात तिच्यासारखे बरेच जण आहेत. कुणाला कुठल्या रांगेत पाय पसरायला जागा मिळते ते पाठ असतं, कुणाला लाउंजमधला डोसा कुठे चांगला मिळतो ते. ताईला पाठ असतं ते ट्रॉलीचं वेळापत्रक. कारण तिला शाळेत असल्यापासून टाइप वन डायबेटिस आहे.

आपण विमानातल्या जेवणावर जोक करतो. रबरासारखं पनीर, उपम्यात गरम पाणी ओता आणि थांबा, दोनशे रुपयांचं सँडविच. ताईसाठी तोच ट्रे म्हणजे औषधाची दुसरी बाजू. तिचं एक इन्सुलिन दिवसभर हळूहळू काम करतं आणि दुसरं जेवणाच्या तोंडावर घ्यायचं असतं. ते पटकन काम करतं. म्हणजे ते घेतलं आणि जेवण आलंच नाही, तर रक्तातली साखर घसरायला लागते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं. वेळेत साखर पोटात गेली नाही तर माणूस बेशुद्ध पडू शकतो.

हे तिच्या बाबतीत एकदा झालंय. जानेवारीतली गोष्ट. दिल्लीत धुकं, विमान आधीच अडीच तास उशिरा निघालेलं. पुढच्या रांगांना ट्रे मिळायला लागले ते ताईने पाहिलं. दहा मिनिटांत आपल्यापर्यंत येतील असा हिशेब करून तिने इंजेक्शन घेतलं. आणि विमान हलायला लागलं. सीट बेल्टचा दिवा लागला, ट्रॉली मागे गेली, क्रूसुद्धा बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. दंडावरच्या सेन्सरने फोनवर अलार्म दिला तेव्हा आकडा होता ५८. सत्तरच्या खाली गेलं की ते कमी धरतात. ग्लुकोजच्या गोळ्या वरच्या कप्प्यातल्या बॅगेत आणि उभं राहायला मनाई. शेजारी मुलाकडे निघालेल्या एक काकू होत्या. ताईने त्यांना एवढंच विचारलं, 'काकू, काही गोड आहे का?' काकूंच्या पर्समध्ये संक्रांतीचे तिळगूळ होते. चार वड्या खाल्ल्या. मग क्रूमधल्या मुलीने बसल्या जागेवरून ज्यूसचं खोकं पुढच्या माणसांच्या हातून पास करत पाठवलं. पंधरा मिनिटांनी आकडा वर आला.

तेव्हापासून तिचे दोन नियम आहेत. ट्रे समोर टेबलावर ठेवल्याशिवाय सुई नाही. आणि गोळ्या खिशात, बॅगेत नाही. (तिसरा नियम जुनाच आहे: इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत टाकायचं नाही. बॅग हरवू शकते, आणि सामानाच्या कप्प्यातल्या थंडीत इन्सुलिन गोठलं तर वाया जातं.)

आता रविवारच्या मेसेजकडे येऊ. मी विचारलं, 'पण तू डायबेटिक मील बुक केलं होतंस ना? तेच मिळेल की.' तिने मला फोन दाखवला. आणि मला पहिल्यांदा कळलं की 'वेळ बदलली' या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

एक म्हणजे विमान तेच, क्रमांक तोच, फक्त सुटणार उशिरा. तेव्हा सीट आणि जेवणाची मागणी बहुतेक वेळा शाबूत राहते. दुसरी म्हणजे तुमचं विमानच रद्द झालंय किंवा दुसऱ्यात मिसळलंय आणि तुम्हाला पुढच्या विमानात बसवलंय. पीएनआर तोच राहतो, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं तेच आहे. पण फ्लाइट नंबर बदललेला असतो. आणि तो बदलला की आधी मागितलेलं खास जेवण नव्या विमानात आपोआप जाईलच असं नाही. ताईच्या ॲपमध्ये जेवणाचा रकाना रिकामा होता. पुन्हा मागावं तर अशा जेवणाची ऑर्डर साधारणपणे २४ तास आधी द्यावी लागते, आणि विमानाला उरले होते चौदा तास.

एवढा आधी हट्ट कशाला, असं मला वाटायचं. त्याचं उत्तर किचनमध्ये आहे. विमानातलं जेवण विमानात शिजत नाही. ते विमानतळाजवळच्या फ्लाइट किचनमध्ये काही तास आधी शिजतं, ब्लास्ट चिलरमध्ये पटकन थंड केलं जातं, थंडच विमानात चढतं आणि वर फक्त ओव्हनमध्ये गरम होतं. नेहमीचे ट्रे प्रवाशांच्या आकड्यावरून जातात. खास ट्रे मात्र नावानिशी जातात. त्यांना जगभर चार अक्षरी कोड असतात. डीबीएमएल म्हणजे डायबेटिक, व्हीजेएमएल म्हणजे जैन, एव्हीएमएल म्हणजे आपल्या पद्धतीचं शाकाहारी. यादीत नाव नसेल तर ट्रेही नसतो. क्रूकडे कितीही गोड बोला, ३५ हजार फुटांवर नवं जेवण कुठून येणार?

बाय द वे, ते डायबेटिक मील मिळालं तरी ताई फार खूश नसते. उकडलेल्या भाज्या, ब्राउन ब्रेड, पपईचे चार तुकडे. 'डायबेटिस म्हणजे आजारी माणूस, असं किचनवाल्यांना वाटतं,' ती म्हणते. तिला बेचव खायचं नसतं. खाण्यात कार्ब्स किती आणि ते कधी येणार, एवढंच तिला कळायला हवं असतं. तसंही कोरडी हवा आणि केबिनमधला कमी दाब यामुळे आपल्याला वर मीठ आणि साखर कमीच जाणवते. लुफ्तान्साने जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेकडून यावर अभ्यासही करून घेतला होता, कारण त्यांच्या विमानांत लोक टोमॅटोचा रस भरपूर का पितात हे त्यांना कळत नव्हतं. जमिनीवर तोच रस अनेकांना मातकट लागतो, वर मात्र आवडतो.

मग नियम काय सांगतो? डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, २०१० पासूनचा नियम आहे, नंतर त्यात सुधारणाही झाल्या. उड्डाण अडीच तासांपर्यंतचं असेल आणि दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं द्यायचं. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला हीच मर्यादा तीन तासांची, त्याहून लांबच्याला चार तासांची. पुणे-दिल्ली अडीच तासांच्या आत बसतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये, धुक्याच्या सीझनच्या आधी, कंपन्यांना आणखी स्पष्ट सांगितलं गेलं: दोन तासांपर्यंत पाणी, दोन ते चार तास चहा-कॉफी आणि नाश्ता, चार तासांच्या वर जेवण. धुकं असेल तर पैशांची भरपाई मिळत नाही, हे बरोबर. पण खाणं ही भरपाई नाही, सोय आहे. 'वेदरमुळे आहे मॅडम' असं काउंटरवर ऐकून आपण गप्प बसतो, तिथे चुकतं.

विमान न सांगता रद्द झालं तर उड्डाणाच्या लांबीप्रमाणे पाच हजार, साडेसात हजार किंवा दहा हजार रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. बुकिंग करताना संपर्काची नीट माहिती दिली नसेल तर तेही नाही. म्हणून एजंटचा किंवा ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्कचा नंबर टाकून मोकळं होऊ नका, स्वतःचा टाका.

पण हे सगळं वाचल्यावर ताईच्या केसमध्ये काय मिळतं, ते मी शोधत बसले. उत्तर: फारसं काही नाही. सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड मागता येतो. तिचं होतं सव्वाचार तास. खाणं मिळतं ते विमानतळावर ताटकळणाऱ्याला, घरी मेसेज आलेल्याला नाही. आणि नियमात 'खाणं' एवढंच आहे, कसलं ते नाही. दोन तासांनी गेटवर एक समोसा आणि गोड फ्रूट ड्रिंकचं खोकं हातात ठेवलं की नियम पाळला गेला. ज्याला ते खाता येत नाही, त्याने काय करायचं, यावर कागद गप्प आहे. ताईसारखे किती जण उडत असतील, मला माहीत नाही, पण ज्या देशात घरटी एक डायबेटिसवाला सापडतो तिथे ही ओळ कुणालाच सुचली नसेल?

जेवण आणि वेळापत्रक या दोन गोष्टी किती एकमेकांत अडकल्यात, ते देशाने जानेवारी २०२४ मध्ये पाहिलंय. गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं विमान धुक्यामुळे मुंबईला उतरवलं गेलं. कित्येक तास वैतागलेले प्रवासी विमानातून उतरून थेट तिथेच, विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला, हसलो. नंतर सुरक्षेचा भंग म्हणून इंडिगोला १ कोटी २० लाखांचा दंड झाला, मुंबई विमानतळालाही झाला. मला आता तो व्हिडिओ पाहताना पंगत दिसत नाही. त्यात एखादी ताई असेल का, एवढंच मनात येतं.

आणि धुकंच लागतं असं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक विमानतळावर रात्री काढत होते. नियम पायलटच्या थकव्यासाठी होते, म्हणजे आपल्याच भल्याचे. तयारी कमी पडली. एरवीही वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतंच: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी सुरू होतं, ऑक्टोबरच्या शेवटी हिवाळी. त्या दोन तारखांच्या पुढचं तिकीट खूप आधी काढलं असेल तर वेळ बदलण्याची शक्यता धरूनच चाला. गोव्याला जाणाऱ्यांनी तर दाबोळी की मोपा हेसुद्धा बघा. मेसेजमध्ये वेळ ठळक असते, विमानतळ बारीक.

रोजच्या उशिराचं कारण साधं असतं. एकच विमान दिवसभर या शहरातून त्या शहरात फिरत असतं. सकाळी कुठेतरी चाळीस मिनिटं गेली की संध्याकाळपर्यंत ती वाढतच जातात. म्हणून नियमित उडणारे पहाटेचं पहिलं विमान घेतात, झोप गेली तरी चालेल. ताईही त्यासाठीच ७.१० चं घेते.

जुनी फ्रीक्वेंट फ्लायर मंडळी अजून विस्ताराच्या जेवणाची आठवण काढतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली. तेव्हा विस्ताराच्या उड्डाणांना दोनने सुरू होणारे चार आकडी नंबर मिळाले, आणि काही जण मुद्दाम तो दोनचा आकडा बघून तिकीट काढायचे, 'क्रू तोच असतो' म्हणून. ताईच्या पॉइंट्सचा तिला एक खरा उपयोग आहे. कार्डाचा दर्जा वरचा असला की कॉल सेंटरला लवकर माणूस मिळतो.

त्या रविवारी तिने तेच केलं. फोन लावला, २२ मिनिटं संगीत ऐकलं. पलीकडच्या मुलाला तिने चढ्या आवाजात काही सुनावलं नाही. फक्त म्हणाली, 'माझ्या बुकिंगवर मेडिकल मील होतं, तुम्ही विमान बदललंत तेव्हा ते गेलं. परत घाला, आणि घालता येत नसेल तर तसं ईमेलवर लिहून द्या.' त्याने होल्डवर ठेवलं, परत आला, म्हणाला, वेळ निघून गेलीय, पण विनंती पाठवतो. लिहून काही दिलं नाही. सोमवारी विमानात ते जेवण नव्हतं.

तिला फरक पडला नाही, कारण रात्री साडेदहाला मावशी कणीक मळायला उभी राहिली होती. दुधातल्या दशम्या, न गुळाच्या, आणि सुकी मटकीची उसळ. सुरक्षा तपासणीत कोरडं घरचं खाणं अडवत नाहीत. एका दशमीत किती कार्ब्स हे दोघींना तोंडपाठ आहे, ते कुठल्याच ट्रेवर लिहिलेलं नसतं. मी डबा भरायला मदत करत होते.

'किती टाकू?' मावशीने विचारलं.

'११.२५ चं आहे तर तीन,' ताई म्हणाली. मग फोनकडे बघून, 'चार टाक.'