जनावराचें नाक वाहूं लागल्यास

निरोगी बैलाच्या नाकाचा शेंडा सदैव ओलसर असतो, व तो आपल्या नाकपुड्या जिभेनें वारंवार चाटून साफ राखितो. यास्तव थोडें पाणी दिसतांच घाबरूं नये. नाक वाहतें आहे व जनावर तें चाटीत नाहीं, असें आढळल्यास मात्र शेतकरी बंधूंनीं सावध व्हावें.

प्रथम पाहावें तें हें कीं, स्राव एका नाकपुडींतून येतो कीं दोहोंतून. एकीकडूनच येत असल्यास दोष बहुधा तेथल्या तेथेंच असतो. जखमेंत अळ्या पडल्या असतील, अथवा ओढ्यावर पाणी पितांना जळू आंत शिरली असेल. जळू असल्यास स्रावांत रक्त दिसतें. वेसणीनें नाक चिघळलें आहे काय, हेंही पाहावें.

दोहोंकडून वाहात असल्यास ताप पाहिल्यावांचून मत बनवूं नये. बैलाची स्वाभाविक उष्णता सुमारें १०१.५ अंश फारेनहाइट असते. ती १०३ च्या वर गेली, रवंथ थांबलें, गळ्याखालीं सूज आली, तर घटसर्पाची शंका धरून त्याच घटकेस पशुवैद्यास बोलवावें. त्या रोगांत एका दिवसांतही जनावर दगावतें. अंगावर गांठी उठल्या असल्यास लम्पी समजावा. पूर्वीं डोळे व नाक गळूं लागलें कीं गांवोगांव बुळकांडीचें भय पसरे. १८८९ सालीं पुण्यास जी सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली, ती गुरांच्या अशाच सांथींच्या अभ्यासासाठीं. तो रोग २०११ सालीं जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें.

ताप नाहीं, पण महिनोन्महिने शेंबूड वाहतो व श्वासाबरोबर घोरल्यासारखा आवाज येतो, ही गोष्ट निराळी. सांचलेल्या पाण्यांतील गोगलगाईंतून निघालेले सूक्ष्म कृमी कातडींतून शरीरांत शिरतात व अखेर नाकाच्या शिरांत वस्ती करितात. आंत फुलकोबीसारखी वाढ होते. म्हशींस याचा उपद्रव कमी, गाईबैलांस अधिक. अशा जनावरास डबक्यांत उतरूं देऊं नये, विहिरीचें पाणी पाजावें. औषध पशुवैद्याकडूनच घ्यावें.

आतां आमच्या हातून घडलेली चूक सांगतों. आमच्या एका खोंडास साधें पडसें झालें होतें. आम्हीं त्याची मान उंच धरून बांबूच्या नळ्यानें काढा ओतला. तो ठसकला, आम्हीं मात्र नळा न काढितां उरलेला काढाही रिचविला. काढा श्वासनलिकेंत उतरला, फुप्फुसास सूज आली व तिसऱ्या दिवशीं खोंड गेला. पडशानें तो गेला नसता. उभा जन्म कारकुनींत काढून दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्या, ही मात्र आमचीच!

म्हणून साध्या पडशांत कांहीं पाजूं नये. कोमट पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें नाक पुसावें, गोठ्यांत वारा खेळेल पण झोत अंगावर येणार नाहीं असें करावें, धुळकट कडबा झटकून व किंचित् पाणी शिंपून घालावा. आजारी जनावराची दावण व पाण्याची बादली आठवडाभर निराळी ठेवावी, व तें फडकें जाळून टाकावें.